कामठीतली निर्मला

माझी पुस्तकं वाचनालयात सगळ्यांत आधी फाटतात. ही तक्रार नाही, मी मिरवायचं म्हणून सांगते आहे. ज्यांच्या पुस्तकांवर चर्चासत्रं होतात त्यांची पुस्तकं वरच्या कप्प्यात कोरीकरकरीत उभी असतात. माझी खालच्या कप्प्यात असतात, पाठीला खाकी पट्टी, कडेला हळदीचे डाग आणि मधल्या कुठल्या तरी पानात अडकलेली केसांची पिन. सीताबर्डीच्या एका जुन्या वाचनालयात मी मुद्दाम जाऊन माझीच पुस्तकं चाळायची. तिथं नेमानं येणाऱ्या बायकांची एक रीत होती. माझ्यासारखीची पुस्तकं त्या भराभर वाचायच्या, नावं काही लक्षात राहायची नाहीत, मग हे आपलं वाचून झालंय की नाही ते कळावं म्हणून प्रत्येकीनं आपली एक खूण ठरवून ठेवली होती. कोणी ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं चांदणी काढायची, कोणी नुसतं टिंब द्यायची, एकीची तर चिमुकली टोपली होती. माझ्या एका कादंबरीच्या त्या पानावर खुणांची एवढी दाटी झाली होती की पानाचा आकडा दिसेना. मला याहून मोठा पुरस्कार मिळालेला नाही. खरं म्हणजे दुसरा कुठला मिळालेलाच नाही.

मला भेटणारा शिकला-सवरलेला माणूस पहिल्यांदा एकच वाक्य बोलतो, "मी नाही वाचत, पण माझी आई तुमचं सगळं वाचते." डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सगळ्यांच्या आया माझं वाचतात. बँकेतल्या एका साहेबांनीही आईचंच नाव सांगितलं आणि बोलता बोलता माझ्या एका नायिकेच्या धाकट्या दिराचं नाव माझ्याआधी सांगून मोकळे झाले. मी विषय बदलला. माणसाला थोडी आडोशाची जागा ठेवावी.

आता धंद्याविषयी थोडं. रविवारच्या पुरवणीत 'क्रमशः' म्हणून जी कादंबरी येते, ती आधी पुरती लिहून ठेवलेली असते आणि पेपरवाले तिचे तुकडे पाडतात, असं लोकांना वाटतं. निदान माझं तसं कधी नव्हतं. हप्ता लिहायचा, पाठवायचा, आणि छापून आला की आपणच वाचून बघायचं की बाई आता कुठं अडकली आहे. जागा ठरलेली असते. एखादी साड्यांची जाहिरात वाढली की आपला एक परिच्छेद उडतो, आणि तो नेमका असा असतो की ज्यात नायिकेनं घराबाहेर पडताना गॅस बंद केलेला असतो. मग आठवडाभर फोन येतात, "अहो, गॅस बंद केला का तिनं?" हप्त्याच्या शेवटी दारावर टकटक करवायची आणि पुढच्या हप्त्यात दार उघडलं की दूधवाला उभा करायचा, ही युक्ती माझ्या उमेदवारीच्या काळात मी वापरली. वाचक एक दूधवाला माफ करतो, दुसरा करत नाही.

वाचकही एकेक असतात. कळमेश्वरच्या एका कारखान्यात काम करणारे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी पंचांग घेऊन घरी आले. म्हणाले, "बाई, या पोरीचं लग्न तुमी ज्या दिवशी लावलं ना, त्या दिवशी मुहूर्तच नाही. तवाच तिचे असे हाल होऊन राहिले." त्या कादंबरीत मुलीचे हाल मी भरपूर केले होते, पण त्याला कारण काही सापडत नव्हतं. ते त्यांनी आयतं आणून दिलं. चहा पिऊन गेले. पुढच्या हप्त्यात मी एका म्हाताऱ्या आत्याच्या तोंडी मुहूर्ताचं ते वाक्य घातलं आणि ते सगळ्यांना इतकं पटलं की माझी मलाच शंका यायला लागली.

पण आज मला सांगायचं आहे ते कामठीच्या देवाजीभाऊंचं.

तेव्हा नागपुरातल्याच एका दैनिकात माझी कादंबरी चालू होती. तिची नायिका निर्मला. तिचा नवरा प्रभाकर पाटबंधारे खात्यात होता. वाईट माणूस नाही, दारू नाही, मारहाण नाही, पण बोलायचाच नाही. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी डबा ठेवायचा, बस्स. एकुलत्या मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली आणि एके सकाळी भाजी चिरता चिरता निर्मला उठली, विळी भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेली. मी तिला रत्नागिरीला मुलींच्या वसतिगृहात गृहमातेची नोकरी लावून दिली. रत्नागिरी अशासाठी की नागपूरहून प्रभाकरला सहजासहजी पोचता येऊ नये. अर्थात शेवट माझ्या डोक्यात पक्का होता. दिवाळीत निर्मला घरी परत येणार होती. आमच्या लिखाणात बाई दिवाळीला घराबाहेर ठेवायची नसते. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण पुरवणीच्या संपादकांच्या आवाजात तो बरोबर ऐकू येतो.

दसरा झाल्यावर एका दुपारी नंदनवन भागातल्या माझ्या घराची बेल वाजली. दारात सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. "निर्मलेचं लिहून राहिल्या थ्या ताई तुमीच का?" त्यांनी विचारलं, आणि ते इतक्या मोठ्यानं की समोरच्या गॅलरीतल्या वहिनी बाहेर आल्या. ते देवाजी सोनकुसरे. सगळा जन्म कामठीत पॉवरलूमवर काढलेला. मागांच्या खटखटीत कान मंद होतात, मग माणूस एक तर ओरडून बोलतो नाही तर बोलणंच सोडून देतो. देवाजीभाऊ घरी बोलणं सोडून दिलेले आणि बाहेर ओरडणारे निघाले.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. "ताई, तिले घरी केव्हा आणता?"

"कोणाला?"

"निर्मलेले."

असं विचारणारे खूप असतात. मी नेहमीचं हसून म्हटलं, "वाचत राहा, कळेल." त्यांना हसू आलं नाही. हातातला पेला त्यांनी खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांची बायको यमुनाबाई. सातवीपर्यंत शिकलेली. देवाजीभाऊंची शाळा चौथीत सुटली, मागावर गेले. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी यमुनाबाई वाचनालयातलं पुस्तक आणून नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. माझीही पुष्कळ पुस्तकं त्या घरात अशी वाचली गेली होती. पुढं शुगरनं त्यांचे डोळे गेले. आता देवाजीभाऊ वाचतात, त्या ऐकतात. रविवारी माझा हप्ता.

"मले वाचता येते ताई, पण अक्षरावर बोट ठेवून. म्हणून मी आधी चहाच्या टपरीवर एक डाव वाचून घेतो. मंग घरी वाचतो. तरी जोडाक्षर आलं की अडकतो. तर त्या रविवारी मी टपरीवर वाचलं, अन् पाहतो तं काय, निर्मला विळी ठेवून चालली. माह्या हातचा चहा थंडा झाला."

"मग?"

"घरी गेलो. पेपर उघडला. पण थे काही माह्या जिभेवर नाही आलं. मी म्हटलं, निर्मलेनं भाजी चिरली, फोडणी घातली, कणीक मळली, दोघं जेवले. अन् क्रमशः म्हणून पेपर घडी करून ठेवून देला."

मी हसायला लागले. देवाजीभाऊ माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मी थांबले.

"आमचा संसार तसाच झाला ना ताई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मी काही बोलणारा माणूस नाही. तिनं हे ऐकलं, अन् तिच्याबी मनात आलं तं?"

"अहो, पण त्यांना दिसत नाही. त्या कुठं जातील आता?"

"जाले डोळे लागते का? माणूस घरात बसूनबी निघून जाते."

मी इतकी वर्षं नवरा-बायकोंवर लिहिते आहे. असं वाक्य मला कधी सुचलं नव्हतं.

एकदा निर्मला घरातच राहिली म्हटल्यावर पुढच्या रविवारी तिला रत्नागिरीला कसं दाखवणार? मग देवाजीभाऊंना दर आठवड्याला स्वतःच पुढचं रचावं लागलं. पेपर समोर धरायचा, बोट ओळींवरून फिरवायचं, आणि तोंडानं सांगायचं ते घरातल्या निर्मलेचं. तिकडे माझी निर्मला समुद्र बघत होती, इकडे त्यांची कामठीत पाटवडीचा रस्सा करत होती. हे असंच चाललं असतं. पण दिवाळीला त्यांची मुलगी शोभा येणार होती. ती बुटीबोरीला असते, जावई तिथल्या कापडाच्या मिलमध्ये आहेत. शोभा बी. ए. झालेली. आई तिच्या हातात पेपर देणार, यात शंकाच नव्हती.

"थे पोट्टी धडाधडा वाचन. अन् निर्मला निंगन रत्नागिरीले. मंग मी काय तोंड दाखवू हिले? इतके दिवस लबाडी केली म्हणन."

माझा शेवट तर ठरलेलाच होता. मला त्यात काही सोडावं लागत नव्हतं. मी म्हटलं, "देवाजीभाऊ, काळजी करू नका. दिवाळीला निर्मला घरी असेल. मी शब्द देते."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. पिशवीतून त्यांनी कामठीच्या मागावरचा एक जाड टॉवेल काढून माझ्यापुढे ठेवला. जाताना दारात म्हणाले, "या ना एक डाव घरी. हिले लई आनंद होईन. फक्त तेवढं सांगू नका."

कोणी बोलावलं म्हणून मी लगेच जात नाही. पण माझ्या कादंबरीचं दुसरं काहीतरी कामठीत दर रविवारी वाचलं जात होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं. लेखिकेला याच्याहून मोठी हाव नसते. पुढच्याच रविवारी मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेले आणि तिथून शेअर ऑटोत दोन जणींच्या मध्ये बसून कामठी गाठली.

रविवार असूनही गल्लीत कुठेतरी एक-दोन माग चालूच होते. घर दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत खाट, खाटेवर यमुनाबाई मेथी निवडत बसलेल्या. बोटांनी देठ चाचपायचा, पान खुडायचं, काडी बाजूला टाकायची. देवाजीभाऊंनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "शोभाची माय, पेपरातल्या ताई आल्या वं." यमुनाबाईंनी मेथीचे हात पदराला पुसले, माझा हात धरून आपल्याजवळ बसवलं आणि बराच वेळ तो हात सोडलाच नाही. माझ्या जुन्या कादंबऱ्यांतली माणसं त्यांना माझ्यापेक्षा जास्त आठवत होती. एका विधवा मोलकरणीचं मी पुढं काय केलं, ते विचारलं. मी तिला मधेच विसरून गेले होते. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मी तिले तिच्या भावाकडे पोचवून देली होती. मनातल्या मनात."

देवाजीभाऊ दूध आणायला निघाले. दारातून मागे वळून त्यांनी ओठावर बोट ठेवलं, आणि मी मान हलवली.

पावलं लांब गेल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "गेले का?"

"गेले."

"कोपऱ्यावरून वळले का पाहा."

मी उठून पाहिलं. "वळले."

"ताई, तुमाले हात जोडते. निर्मलेले घरी आणू नका."

मी खाटेवर परत बसले. "तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कायले सांगन? शोभाचे बाबूजी वाचते ना, तं जोडाक्षर आलं की त्याईची गाडी थांबते. 'प्र' आला की थांबते, 'क्ष' आला की थांबते. त्या रविवारी निर्मलेनं भाजी चिरली, कणीक मळली, दोघं जेवले, अन् गाडी काही कुठं थांबली नाही. मी म्हटलं, हे काही छापलेलं नाही."

त्या हसल्या. पहिले दोन-तीन रविवार त्यांना नुसती गंमत वाटली होती. देवाजीभाऊंनी आपल्या निर्मलेला सारखं काही ना काही खायला घातलं होतं. कधी पाटवडी, कधी भजी, एकदा तर एकाच दिवशी दोन्ही. एवढं खाणारी बाई माझी असणार नाही, असं यमुनाबाई म्हणाल्या. शेजारच्या बायका पेपरातली खरी गोष्ट सांगायला आल्या, तर निर्मला घर सोडून रत्नागिरीला गेली एवढं ऐकून यमुनाबाईंनी 'पुढचं मले ऐकायचं नाही' म्हणून त्यांना परतवलं होतं. देवाजीभाऊंचा आवाज एवढा मोठा, की त्या गल्लीत माझी आणि त्यांची अशा दोन्ही निर्मला चालू होत्या आणि बायका दोन्हीही ऐकत होत्या.

"मंग हळूहळू थो परभाकर बोलाले लागला," यमुनाबाई म्हणाल्या.

"काय बोलायला लागला?"

त्या थोडा वेळ मेथीचा देठ बोटांत फिरवत राहिल्या. "मी रोज याईले वाचून दाखवो ना, तं हे डोळे मिटून पडून राहत. हो नाही की ठो नाही. मी जलमभर त्याच्यासाठी भांडले. म्हणो, मी काय भिंतीले वाचून दाखवून राहिली? अन् मागच्या महिन्यात एका रविवारी थो परभाकर निर्मलेले म्हणते, तुले वाटे मी झोपलो. मी झोपलो नव्हतो. मागाची खटखट कानातून जातच नव्हती. डोळे मिटले की थे बंद होये अन् फक्त तुहा आवाज राहे. म्हणून मिटत होतो."

प्रभाकर पाटबंधारे खात्यात. त्याच्या कानात मागाची खटखट कुठून आली, ते मी विचारलं नाही. यमुनाबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुमी तिले घरी आणलं की हे पुन्हा छापलेलंच वाचतीन. मंग थे बोलणं बंद होईन. त्याईले स्वतःच्या तोंडानं नाही जमत ताई. पेपर समोर पाहिजे. तुमी तिले अजून दूर धाडा."

"पण शोभा येणार आहे ना दिवाळीला?"

"शोभाचं मी पाहून घेईन."

"मी देवाजीभाऊंना शब्द दिला आहे हो."

"मोडा मंग," त्या सहज म्हणाल्या. "गोष्टीत किती जणाईचे शब्द मोडले तुमी."

तेवढ्यात देवाजीभाऊ दूध घेऊन आले. चहा झाला. मग यमुनाबाईंनीच फर्मावलं, "ताईसमोर वाचा आज." देवाजीभाऊंची तारांबळ उडाली. पण नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी पेपर उघडला, वर छापलेलं माझं नाव अडखळत मोठ्यानं वाचलं, आणि मग एकदाही न अडखळता पुढं निघाले. त्या रविवारी माझ्या हप्त्यात वसतिगृहातली एक मुलगी पळून गेली होती. त्यांच्या हप्त्यात निर्मला आजारी होती आणि प्रभाकर तिच्या केसांना तेल लावत होता, आणि सांगत होता की तुझे केस पांढरे झालेले मला तू दाखवल्याशिवाय कळलेच नाहीत, कारण मी तुला पहिल्या दिवशी बघितलं तीच तू मला दिसतेस. मधूनच पेपराच्या वरून ते माझ्याकडे चोरून बघायचे. यमुनाबाई मान खाली घालून मेथी निवडत होत्या. मी इतकं लिहिलं, माझ्या नावाखाली आलेलं इतकं चांगलं काही मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं, आणि ते मी लिहिलेलं नव्हतं. मला हेवा वाटला. खोटं कशाला सांगू?

परतीच्या ऑटोत मी विचार करत बसले. एकीकडे संपादक, सगळे वाचक, माझा ठरलेला शेवट आणि देवाजीभाऊंना दिलेला शब्द. दुसरीकडे मेथी निवडणारी एक बाई. माझ्या धंद्यात लेखिका नेहमी जास्त लोकांच्या बाजूनं उभी राहते, म्हणून तर आम्ही लोकप्रिय. पण यमुनाबाईंनी माझ्याकडे गोष्टीचा शेवट मागितलाच नव्हता. आपल्या नवऱ्याचा आवाज आणखी थोडे दिवस मागितला होता.

दिवाळीच्या हप्त्यात मी निर्मलेला गंगटोकला पाठवलं. तिथं मुलींसाठी नवं वसतिगृह उघडायचं होतं आणि तिच्यासारखी दुसरी बाई त्यांना मिळत नव्हती, असं कारण दिलं. संपादकांचा फोन आला, "मॅडम, गंगटोक? दिवाळीत?" मी म्हटलं, "हवा चांगली आहे तिथली." मग ते म्हणाले की आता जागा भरायची आहे म्हणून छापतो, पण पुढच्या रविवारी हे संपवा आणि बाईला घरी आणा.

रविवारी सकाळी पहिला फोन देवाजीभाऊंचा. टपरीवरूनच केला असावा, मागे कपबशांचा आवाज येत होता. आज ते ओरडले नाहीत. "ताई, तुमी शब्द देला होता," एवढंच म्हणाले.

यमुनाबाईंचं सांगितलं तर सगळंच संपलं. "काही अडचण आली देवाजीभाऊ," मी म्हटलं.

"मले वाटलं, तुमी समजल्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवाळीत बाकीच्या वाचकांनी मला काय काय ऐकवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. ती आमची रोजची भाकरी आहे. पण या एका वाक्यानं माझी दिवाळी कडू केली. एका माणसानं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कोणापुढे मन मोकळं केलं होतं, आणि त्याच्या लेखी मी त्याला तोंडघशी पाडलं होतं. करंजीचं सारण ढवळताना, पाहुण्यांशी बोलताना तेच कानात घुमत होतं. आज कामठीत शोभाच्या हातात पेपर असेल, या विचारानं हातातलं काम राहून जायचं.

भाऊबीज झाल्यावर, पाहुणे आपापल्या घरी गेल्यावर, एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "मॅडम, मी शोभा. कामठीच्या देवाजी सोनकुसरेंची मुलगी. बुटीबोरीवरून बोलते."

मी खुर्ची ओढून बसले.

तिनं जे सांगितलं ते असं. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं पेपर उचलला, तर आईनं तो मागून घेतला आणि बाबूजींच्या हातात दिला. म्हणाली, याईच्या आवाजाची मले सवय झाली. बाबूजी नाही-हो करत बसले. शोभा सहज त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बाबूजींनी सुरुवात केली, आणि शोभाची नजर आपसूक त्यांच्या बोटाबरोबर ओळींवरून फिरायला लागली.

"बोट गंगटोकवर होतं मॅडम, अन् बाबूजी म्हणून राहिले होते की परभाकरनं निर्मलेसाठी आकाशकंदील बनवला. पहिले मले वाटलं, माझेच डोळे खराब झाले. मग मी वर पाहिलं. तर बाबूजी माझ्याकडेच पाहून राहिले होते."

ते थांबले. आई म्हणाली, "वाचा ना. काहून थांबले?" जावई बाहेर पान खायला गेले होते, घरात तिघंच होती. शोभानं आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं की इथं फसवलेलं कोणीच नाही.

"मी तेव्हाच त्यांना सांगू शकत होती मॅडम, की आईले माहीत आहे. पण आई कशी बसली होती ते तुम्ही पाहायला पाहिजे होतं. नव्या नवरीसारखी, मान खाली घालून. मी काही नाही बोलली."

"मग देवाजीभाऊंनी पुढं वाचलं?"

मागे तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती होऊ दिली.

"नाही वाचलं. ते पेपर घडीच करत होते. मग माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हटलं, बाबूजी, निर्मलेले एक पोरगी आहे ना? लग्न झालेली. तिचं काहून नाही येत कधी?"

मग तिनं स्वतःचं सांगितलं. लग्न होऊन ती बुटीबोरीला गेली त्या दिवशीही बाबूजी मागावर होते. पाठवणीला आले, डोक्यावर हात ठेवला, आणि एक शब्दही न बोलता परत गेले. तेव्हापासून फोनवर सुद्धा 'आहे बरी?' आणि 'घे, तुह्या मायशी बोल' याच्यापलीकडे त्यांचं तिच्याशी बोलणं नव्हतं.

"बाबूजी पेपरकडे खूप वेळ पाहत राहिले," शोभा म्हणाली. "मग त्यांनी घडी पुन्हा उघडली. बोट दुसऱ्या रकान्याच्या वरती नेऊन ठेवलं. अन् वाचलं."

काय वाचलं, ते तिनं सांगितलं नाही. मला विचारायचा मोह झाला होता, पण मी विचारलं नाही. मग तिनं नाक ओढलं, आणि तिचा आवाज आईच्या आवाजासारखा झाला.

"मॅडम, बाबूजी तुमच्यावर रागावून आहेत, आईनं सगळं सांगितलं मले. त्यांना मी समजावते हळूहळू. पण एक सांगू का? निर्मलेले एवढ्यात परत नका आणू. मी आता दर रविवारी कामठीले येणार आहे."

संपादकांना शेवटचा हप्ता दुसऱ्या दिवशी सकाळी हवा होता. तो लिहून तयारही होता. त्यात निर्मला फाटकातून आत येत होती आणि प्रभाकर दारात उभा होता. मी तो बाजूला ठेवला, संपादकांना फोन लावला आणि सांगितलं की गंगटोकला बर्फ पडलं आहे, रस्ते बंद आहेत, बाईला यायला अजून वेळ लागेल.